स्पीकरची केबल: पैसे मोजण्याआधी काय मोजावे

नव्या साउंड सिस्टिमची खरेदी संपत आलेली असते. अॅम्प्लिफायर ठरलेला असतो, स्पीकर दोन-तीन वेळा ऐकून पसंत केलेले असतात, ठरवलेली रक्कम थोडी ओलांडलेली असते, आणि नेमक्या त्या वेळी दुकानदार काउंटरवर विणलेल्या वेष्टणाची, सोनेरी टोकांची, करंगळीएवढी जाड केबल आणून ठेवतो. इतके पैसे घातलेच आहेत तर आता साध्या वायरवर सगळे वाया घालवू नका, असे तो सांगतो, आणि ते ऐकायला इतके रास्त वाटते की अनेक जण तिथल्या तिथे होकार देतात. केबलची किंमत मात्र कधी स्पीकरच्या निम्मी असते, तर कधी स्पीकरपेक्षाही जास्त.

या प्रश्नावर माझे मत ठाम आहे आणि ते आधीच सांगतो. केबलकडून आपल्याला जे हवे असते ते मोजता येते, आणि घरगुती अंतरासाठी ते दोन हजार रुपयांच्या आत पूर्णपणे मिळते. काही मोजक्या ठिकाणी थोडे अधिक पैसे सार्थकी लागतात. ती ठिकाणे ओळखता आली पाहिजेत. त्यापुढचा खर्च करण्याचा मोह होतच असेल, तर पैसे देण्यापूर्वी घरीच एक परीक्षा घ्यावी. हे सगळे कसे करायचे ते खाली क्रमाने मांडले आहे.

स्पीकरच्या वायरचा हिशेब

स्पीकरसाठी खास केबल विकण्याचा धंदा फार जुना नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत नोएल ली या अभियंत्याने 'मॉन्स्टर केबल' सुरू केली, त्यापूर्वी बहुतेक लोक टेबललँपला लावतात तीच दोन पदरी वायर स्पीकरला जोडत असत. ली यांचे एक म्हणणे खरे होते: फार बारीक वायर आवाज बिघडवते. पुढच्या काळात त्या एका खऱ्या गोष्टीवर दाव्यांचे मजलेच्या मजले चढत गेले, म्हणून पाया किती आणि वरचे बांधकाम किती, हे आकड्यांनी तपासणे आवश्यक आहे.

अॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंतच्या केबलचा सर्वांत महत्त्वाचा गुण म्हणजे तिचा रोध, म्हणजे ती विजेला किती अडवते. आपला इलेक्ट्रिशियन ज्याला 'अडीचची वायर' म्हणतो, म्हणजे २.५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची लवचिक वायर, तिचा रोध मानकांनुसार किलोमीटरला सुमारे ८ ओहमपेक्षा जास्त नसतो. दीडच्या वायरसाठी हीच मर्यादा १३.३ ओहम आहे, आणि अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या बारीक वायरसाठी ३९ ओहम. स्पीकर अॅम्प्लिफायरपासून ५ मीटर दूर असेल तर जाण्याचे ५ आणि येण्याचे ५ असे १० मीटर धरावे लागतात. म्हणजे अडीचच्या वायरचा एकूण रोध ०.०८ ओहम होतो, आणि अर्ध्याच्या वायरचा ०.३९.

आता हा आकडा कानापर्यंत आणू. ८ ओहमच्या स्पीकरला अडीचची वायर लावली तर आवाज ०.०९ डेसिबलने कमी होतो. केवळ आवाज कमी होण्याला तसे महत्त्व नाही, कारण व्हॉल्यूम किंचित वाढवला की काम झाले. खरी अडचण अशी की स्पीकरवर ४ किंवा ८ ओहम असे छापलेले असले तरी त्याचा रोध प्रत्येक स्वराला वेगळा असतो. एखाद्या स्पीकरचा रोध काही स्वरांना ४ ओहम आणि काही स्वरांना ३० ओहम असू शकतो. केबलचा रोध मोठा असेल तर ४ ओहमच्या जागी ती जास्त आवाज खाते आणि ३० ओहमच्या जागी कमी, आणि त्यामुळे स्वरांचा आपसातला तोल ढळतो. अर्ध्याच्या वायरने ही तफावत सुमारे ०.७ डेसिबलची होते, जी लक्ष देऊन ऐकणाऱ्याला जाणवू शकते. अडीचच्या वायरने ती ०.१५ डेसिबलवर येते, आणि उत्तम परिस्थितीतही पाव डेसिबलच्या खालचा फरक ओळखणे माणसाच्या कानाला फार अवघड जाते. केबलने आवाज बदलतो हे वाक्य म्हणूनच अर्धे खरे आहे. बारीक वायरीकडून पुरेशा जाड वायरीकडे गेलात तर बदल खरा असतो. पुरेशा जाड वायरीकडून महाग वायरीकडे गेलात तर बदलायला काही उरलेलेच नसते.

व्यवहारात वापरायचा नियम सोपा आहे. केबलचा जाण्यायेण्याचा एकूण रोध स्पीकरच्या रोधाच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवावा. ४ ओहमच्या स्पीकरला दीडची वायर सुमारे ७ मीटरपर्यंत आणि अडीचची १२ मीटरपर्यंत चालते. ८ ओहमच्या स्पीकरला हीच अंतरे दुप्पट धरता येतात. मी स्वतः या मर्यादेच्या निम्म्यातच राहतो, कारण अडीचची वायर काही महाग नाही. दिवाणखान्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भिंतीच्या कडेने केबल नेली तरी ती सहसा ८ मीटरच्या पुढे जात नाही.

इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध) आणि कपॅसिटन्स (दोन पदरांमध्ये वीज साठण्याची क्षमता) हे उरलेले दोन गुण या अंतरात जवळजवळ गप्प असतात. दोन पदर शेजारीशेजारी असलेल्या ५ मीटर केबलचा इंडक्टन्स ३ मायक्रोहेन्रीच्या आसपास असतो, आणि २० हजार हर्ट्झला, म्हणजे बहुतेक प्रौढांना ऐकूच न येणाऱ्या स्वराला, त्यामुळे ८ ओहमवर पडणारा फरक एक शतांश डेसिबल आहे. एवढेच पाहावे की दोन्ही पदर एकमेकांना चिकटून जातील. एक पदर खिडकीवरून आणि दुसरा दारामागून असे नेऊ नये. उलट, इंडक्टन्स कमी करण्यासाठी अनेक पदर वेणीसारखे विणलेल्या काही महाग केबलींचा कपॅसिटन्स इतका वाढतो की काही अॅम्प्लिफायर अस्थिर होऊन तापतात. जास्त पैसे देऊन धोका विकत घेतल्याचे हे उदाहरण आहे.

वायर विकत घेताना

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेलात तर 'स्पीकर वायर' या नावाने पारदर्शक वेष्टणातली, एक पदर तांबूस आणि एक पदर चंदेरी दिसणारी वायर बंडलाने मिळते. इथे मात्र काळजी घेतली पाहिजे, कारण स्वस्तपणाची खरी किंमत इथेच मोजावी लागते. त्यातल्या बऱ्याच वायरींत तांबे फक्त वरच्या मुलाम्यापुरते असते आणि आत अॅल्युमिनियम असते. अशा वायरीचा रोध त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा सुमारे दीडपट भरतो, ती वाकवताना लवकर तुटते, आणि टोकाशी मुलामा खरवडला गेला की सांधा खराब होऊ लागतो.

ओळखण्यासाठी एक बारीक तार सुटी करून ब्लेडने हलकेच खरवडावी. आत चंदेरी दिसली तर अॅल्युमिनियम, आतपर्यंत लालसर दिसली तर तांबे. याच्या उलट, बाहेरून चंदेरी पण खरवडल्यावर आत लाल निघणारी तार म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेले तांबे, आणि ती उत्तम असते. शंका राहिलीच तर ती एक तार चिमट्यात धरून लायटरच्या ज्योतीत न्यावी. अॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि तांब्याला १,०८५ अंश लागतात, त्यामुळे मुलाम्याची तार क्षणात मान टाकते आणि तिचे टोक गोळा होऊन गळते. तांब्याची तार लालबुंद होते, पण जागची हलत नाही. वजनही सांगतेच: तांबे अॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड आहे, म्हणून जाड दिसणारे बंडल हाताला हलके लागले तर ते खाली ठेवावे.

सर्वांत निर्धास्त मार्ग म्हणजे घराच्या वायरिंगसाठी आयएस ६९४ या मानकाची आणि आयएसआय चिन्हाची, अनेक बारीक तारांची दोन पदरी लवचिक वायर घेणे. फिनोलेक्स, पॉलिकॅब, हॅवेल्स अशा कोणत्याही नावाजलेल्या कंपनीची अडीचची दोन पदरी वायर मीटरमागे शे-दीडशे रुपयांच्या आतबाहेर पडते. ती राखाडी किंवा काळी असते, दिसायला तिच्यात काही नाही, पण तांबे खरे असते आणि जाडी छापल्याप्रमाणे असते. दोन स्पीकरना मिळून १२ मीटर लागली तरी हिशेब दोन हजारांच्या आत मिटतो.

दुकानात ऐकू येणाऱ्या काही शब्दांविषयीही इथेच सांगतो. 'ऑक्सिजन-फ्री' तांबे खोटे नाही, पण विजेच्या कामाचे नेहमीचे तांबेही ९९.९ टक्के शुद्ध असते आणि दोघांच्या वाहकतेत जेमतेम एका टक्क्याचा फरक असतो. चांदी तांब्यापेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी चांगली वाहक आहे. अडीचच्या जागी चारची तांब्याची वायर घेतली तर रोध ३८ टक्क्यांनी उतरतो, मग चांदीच्या ६ टक्क्यांसाठी कित्येक पट पैसे का द्यावेत? 'स्किन इफेक्ट', म्हणजे वरच्या स्वरांना वीज तारेच्या पृष्ठभागाकडे सरकणे, हाही खरा परिणाम आहे, मात्र २० हजार हर्ट्झलाही वीज तांब्यात जवळजवळ अर्धा मिलिमीटर खोल जाते आणि अडीचच्या वायरीची त्रिज्याच ०.९ मिलिमीटर आहे, त्यामुळे ऐकू येण्याजोगे काही घडत नाही. शंभर-दोनशे तास वाजवल्यावर केबल 'मुरते' असे सांगतात. त्या तासांत तांब्यात काही बदलत नाही, आपला कान सरावतो, आणि शिवाय तेवढ्यात परत करण्याची मुदत टळून जाते.

आरसीए केबल आणि घूं असा आवाज

सीडी प्लेअर, टीव्ही किंवा डॅकपासून (डिजिटल संकेताचा अॅनालॉग आवाज करणारे उपकरण) अॅम्प्लिफायरपर्यंत जाणाऱ्या आरसीए केबलचे गणित वेगळे आहे. इथे प्रवाह नगण्य असतो, त्यामुळे रोधाला महत्त्व नाही; महत्त्व आहे ते बाहेरचा गोंगाट आत येऊ न देणाऱ्या शील्डला आणि घट्ट बसणाऱ्या प्लगला. मीटरला १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असलेली एक मीटर साधी केबल १ हजार ओहमच्या स्रोताला जोडली तर तिचा परिणाम १५ लाख हर्ट्झच्या पुढे सुरू होतो. आपला कान २० हजारांवर थांबतो.

याला दोन खरे अपवाद आहेत. पहिला म्हणजे रेकॉर्ड प्लेअर. मूव्हिंग मॅग्नेट जातीची सुई तिला जोडलेल्या एकूण कपॅसिटन्सला दाद देते आणि तो जास्त झाला की वरच्या पट्टीतला आवाज बदलतो, म्हणून तिथे केबल आखूड असावी आणि तिचा कपॅसिटन्स सुईच्या माहितीपत्रकाशी जुळता असावा. दुसरा अपवाद इलेक्ट्रिक गिटारचा. लांब केबलने गिटारचा आवाज खरोखर मंद होतो, आणि तो फरक कोणालाही ऐकू येतो. दोन्ही ठिकाणी उपाय आकडा पाहून केबल निवडण्याचा आहे, किंमत पाहून नव्हे.

घूं अशा आवाजाबद्दल मात्र मला स्वतःचा अनुभव सांगितला पाहिजे, कारण माझे सर्वाधिक पैसे याच आवाजापायी गेले. टीव्हीचा आवाज अॅम्प्लिफायरमधून ऐकू लागल्यापासून मागे सतत एक खोल घरघर येत असे. केबलची शील्ड कच्ची असणार असे मला सांगण्यात आले आणि मी दुहेरी शील्डची, बरीच महाग केबल आणली. घरघर तशीच राहिली. मग त्याहून महाग केबल आणली, तरी तसूभरही फरक पडला नाही. दोन महिन्यांनी एका रविवारी सेट-टॉप बॉक्स पुसताना मी त्याच्या मागची, केबलवाल्याने गच्चीवरून आणलेली वायर फिरवून काढली, आणि खोली एकदम शांत झाली. ती वायर इमारतीतल्या दुसऱ्या कुठल्या तरी जमिनीशी जोडलेली होती, माझा अॅम्प्लिफायर घरातल्या अर्थिंगशी, आणि त्या दोन जमिनींमधला ५० हर्ट्झचा प्रवाह माझ्या आरसीए केबलच्या शील्डमधूनच वाहत होता. शील्ड कितीही भारी असली तरी तिच्यातूनच येणारी गोष्ट ती अडवणार कशी? त्या दोन जमिनींमधली वाट तोडणाऱ्या, काही शे रुपयांच्या आयसोलेटरने ते काम कायमचे झाले.

म्हणून घरघर आली तर केबल बदलण्याआधी एकेक जोडणी काढून पाहावी. आधी टीव्हीच्या केबलची किंवा डिशची वायर, मग लॅपटॉपचा चार्जर, मग इतर उपकरणे. काय काढल्यावर आवाज थांबतो ते कळले की कारणही कळते. सर्व उपकरणे एकाच भिंतीच्या सॉकेटवरून चालवली तरी बऱ्याचदा प्रश्न सुटतो. घरघर जावी म्हणून अॅम्प्लिफायरच्या प्लगची वरची, जाड, अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला मात्र कोणी दिला तरी ऐकू नये. आतला दोष बाहेरच्या धातूच्या पेटीवर आला तर जीव वाचवणारी तीच एक पिन आहे.

स्टुडिओत आणि मंचावर लांबच लांब अंतरे पार करण्यासाठी तीन पिनांच्या एक्सएलआर जोडण्या वापरतात. त्यांत एकच संकेत दोन पदरांवरून उलटसुलट जातो आणि दोघांवर सारखाच चढलेला गोंगाट पलीकडच्या टोकाला वजा होतो. तुमच्या उपकरणांत ही सोय असेल आणि अंतर ५ मीटरच्या पुढे असेल तर ती जरूर वापरावी. कॅनारे, मोगामी किंवा बेल्डनची मायक्रोफोनची केबल आणि न्यूट्रिकचे प्लग हा स्टुडिओंचा रोजचा माल आहे. आपण जे गाणे घरी ऐकतो ते ध्वनिमुद्रित होताना अशाच केबलींच्या कित्येक मीटरांतून गेलेले असते, हे महाग केबलच्या शेवटच्या एका मीटरविषयी विचार करताना लक्षात ठेवण्यासारखे आहे.

डिजिटल केबल आणि पॉवर कॉर्ड

एचडीएमआय, यूएसबी, ऑप्टिकल आणि नेटवर्कच्या केबलींमधून आकडे जातात. आकडे पोहोचतात किंवा पोहोचत नाहीत. तंबोरा अधिक सुरेल होऊन पोहोचेल, अशी वाट तिथे नाही. केबल कमी पडली तर आवाज तुटतो, टकटक येते, चित्रावर पांढरे ठिपके चमकतात. एचडीएमआयसाठी १८ गिगाबिटची 'प्रीमियम हाय स्पीड' किंवा ४८ गिगाबिटची 'अल्ट्रा हाय स्पीड' अशी प्रमाणित खूण असलेली केबल घ्यावी आणि पाकिटावरचा कोड मोबाइलने तपासावा. प्रोजेक्टरपर्यंत दहा-पंधरा मीटर जायचे असेल तर प्रकाशतंतूची एचडीएमआय केबल लागते, आणि तिथे जास्त पैसे देणे योग्य आहे.

पॉवर कॉर्डविषयी इतकेच म्हणेन, की रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपासून भिंतीतल्या सॉकेटपर्यंत वीज साध्या तारांतूनच आलेली असते. त्या पैशांत इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. फेज ते अर्थ सुमारे २३० व्होल्ट आणि न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट मिळाले तर ठीक. न्यूट्रल ते अर्थ बरेच जास्त व्होल्ट दिसले तर आधी ते दुरुस्त करणे हे आवाजापेक्षाही सुरक्षिततेसाठी गरजेचे आहे.

तरीही मोह होत असेल तर घ्यायची परीक्षा

आपण दुकानात ऐकतो तेव्हा फरक ऐकू आला असे खरोखर वाटते, आणि तसे वाटणारा माणूस खोटे बोलत नसतो. किंमत माहीत असते, केबल डोळ्यांसमोर असते, विकणारा काय ऐकायचे ते आधी सांगून ठेवतो, आणि दुसऱ्यांदा तेच गाणे ऐकताना आपण पहिल्यांदा निसटलेल्या गोष्टींकडे लक्ष देतो. हे सगळे बाजूला काढायचे तर कोणती केबल जोडली आहे हे न कळता ऐकावे लागते. अमेरिकेतल्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकाने ऑगस्ट १९८३ मध्ये अशी एक चाचणी छापली होती. त्यात अतिबारीक २४ गेजची वायर ऐकणाऱ्यांना चाचणीच्या गोंगाटावर ओळखता आली, पण जाड दिव्याची वायर आणि महाग केबल यांच्यातला फरक संगीत ऐकताना खात्रीने सांगता आला नाही. वर केलेला रोधाचा हिशेब आणि ही चाचणी एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. २००७ मध्ये जेम्स रँडी या, चमत्कारांचे दावे तपासणाऱ्या जादूगाराने ७,२५० डॉलरची केबल अशा परीक्षेत ओळखून दाखवणाऱ्यासाठी दहा लाख डॉलरचे आव्हान ठेवले होते, पण ती परीक्षा शेवटी झालीच नाही, त्यामुळे तिचा दाखला कोणत्याही बाजूने देऊ नये.

घरच्या परीक्षेसाठी दुकानदाराकडून केबल दोन-चार दिवस परतीच्या बोलीवर मागून घ्यावी. तो नाही म्हणाला तर तिथेच विचार सोडून द्यावा. मग घरातल्या एखाद्याला मदतीला घ्यावे. आधी दोन्ही केबलींवर आवाजाची पातळी सारखी आहे का ते पाहावे, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमी 'चांगला' वाटतो. मोबाइलवरच्या एखाद्या ॲपमधून २०० हर्ट्झचा स्थिर स्वर वाजवून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजावेत. दोन्ही वेळचे आकडे एका टक्क्याच्या आत जुळले पाहिजेत. स्वस्त मल्टिमीटर १,००० हर्ट्झला चुकीचे आकडे दाखवू शकतात, म्हणून स्वर २०० चाच ठेवावा.

त्यानंतर मदतनिसाने नाणे उडवून छापा पडल्यास एक आणि काटा पडल्यास दुसरी केबल लावावी आणि कागदावर नोंद करावी. अॅम्प्लिफायर बंद करूनच केबल बदलावी. तीच केबल पुन्हा आली तरी ती काढून परत लावावी, म्हणजे खुडबुडीच्या आवाजावरून किंवा लागलेल्या वेळेवरून ऐकणाऱ्याला अंदाज येणार नाही. ऐकणाऱ्याने खोलीबाहेर थांबावे, स्पीकरच्या मागची बाजू चादरीने झाकलेली असावी, आणि आत आल्यावर दोघांनी एकमेकांशी बोलू नये. गाण्याचा तोच अर्ध्या मिनिटाचा तुकडा प्रत्येक वेळी घ्यावा. मी तंबोऱ्याच्या सुरुवातीचा घेतो, कारण त्यात खर्जापासून वरच्या जवारीपर्यंत सगळे एकत्र ऐकू येते.

अशा १६ फेऱ्या कराव्यात, हव्या तर दोन संध्याकाळी मिळून. डोळे झाकून नुसता अंदाज केला तरी सरासरी ८ उत्तरे बरोबर येतात, आणि १२ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता १०० मध्ये ४ पेक्षा कमी असते. म्हणून १२ ही उत्तीर्ण होण्याची रेघ धरावी आणि ती सुरुवातीलाच लिहून ठेवावी, नंतर हलवू नये. माझ्याकडे एका मित्राची ४० हजारांची केबल आठवडाभर होती. समोर ठेवून ऐकताना आम्हा तिघांनाही जवारी अधिक मोकळी झाल्याचे जाणवले होते, आणि मी तर पैशांची जुळवाजुळवही सुरू केली होती. पत्नीने पडद्यामागून केबल बदलल्यावर माझी १६ पैकी ९ उत्तरे बरोबर आली, मित्राची ७. मित्र बराच वेळ तो कागद हातात धरून बसला होता, आणि मलाही त्याच्यासाठी वाईट वाटले, कारण त्याने ऐकलेला आनंद खोटा नव्हता, फक्त तो केबलमधून आलेला नव्हता.

आरसीए केबलींची तुलना याहून सोपी आहे. एकाच स्रोतावर वाय जोड लावून दोन केबली अॅम्प्लिफायरच्या दोन सारख्या इनपुटना जोडाव्यात आणि रिमोटने अदलाबदल करावी. बदल क्षणात होतो, त्यामुळे आठवणीवर भिस्त ठेवावी लागत नाही.

पैसे कुठे घालावेत

१० बाय १२ फुटांच्या खोलीत १२ फुटांच्या दोन भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासचा स्वर अडकून घुमतो आणि बसायच्या जागेप्रमाणे तो १० डेसिबलनेही वरखाली होऊ शकतो. केबलच्या ०.०९ डेसिबलशेजारी हा आकडा ठेवून पाहा. स्पीकर मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढे ओढणे, ऐकायची खुर्ची भिंतीला टेकवून न ठेवणे, समोरच्या उघड्या फरशीवर जाड सतरंजी टाकणे, बाजूच्या मोकळ्या भिंतीशी पुस्तकांचे कपाट हलवणे, या गोष्टींचा फरक परीक्षा न घेताही कळतो, आणि त्यांतल्या बहुतेक फुकट आहेत. केबलींवर एकूण सिस्टिमच्या शंभरातले तीन ते पाच रुपये पुरेसे आहेत असा माझा हिशेब आहे. त्यात मजबूत प्लग, ओढ बसली तरी न निघणारे सांधे आणि योग्य जाडी सहज बसते. कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ राहत असाल तर थोडे अधिक खर्चून कथिलाचा मुलामा दिलेली वायर आणि सोन्याचा मुलामा असलेले बनाना प्लग घ्यावेत, कारण खाऱ्या हवेत उघडे तांबे एका पावसाळ्यात काळेहिरवे पडते आणि सांधा खराब होतो.

जोडताना

वायरीचे वेष्टण टोकाशी साधारण १२ मिलिमीटर सोलावे आणि सोलताना एकही तार तुटू देऊ नये. तारा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने घट्ट पिळाव्यात आणि एखादी सुटी तार शेजारच्या टोकाला टेकत नाही ना, हे उजेडात पाहावे. अॅम्प्लिफायर जळण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. आधीची काळवंडलेली टोके असतील तर ती कापून नवी सोलावीत. दोन्ही स्पीकरना सारख्याच लांबीची वायर द्यावी. लांबीतल्या एखाद्या मीटरच्या फरकाने काही बिघडत नाही, पण पुढे खोलीत स्पीकरची अदलाबदल करायची झाल्यास सोय राहते.

शेवटी धन-ऋण तपासावे, कारण एका स्पीकरची टोके उलट लागली तर खर्ज निघून जातो आणि गायक मधोमध न राहता खोलीभर पसरतो, आणि लोक त्याचा दोष केबलला देतात. वायरीची दोन्ही टोके अॅम्प्लिफायरपासून सुटी ठेवून, लाल खुणेच्या पदराला भिंतीवरच्या घड्याळाच्या दीड व्होल्टच्या सेलचे धन टोक आणि दुसऱ्या पदराला ऋण टोक क्षणभर टेकवावे. स्पीकरचा मोठा पडदा हलक्या 'ठक्' आवाजासह पुढे आला तर जोडणी बरोबर आहे. मागे गेला तर स्पीकरच्या बाजूची टोके उलटी करावीत. हेच दुसऱ्या स्पीकरला करून झाले, की अॅम्प्लिफायर बंद ठेवूनच त्याच्या मागच्या टोकांत वायर घट्ट कसावी आणि व्हॉल्यूम शून्यावर आणून मगच तो सुरू करावा.